मायनर लीग हॉकी खेळणाऱ्या पोरांनी (आणि त्यांच्या आईबाबांनी) खेळ चालू असतानाच करून ठेवायची कामं

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर एका ताईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुम्ही त्या हॉकीवाल्या मुलांचे टॅक्स भरता ना, माझा मुलगा ज्युनियर (प्रोच्या आधीच्या लीगमधे) खेळतोय, पुढे प्रो व्हायचं म्हणतोय, पण एनएचएलला, म्हणजे आइस हॉकीच्या सगळ्यात वरच्या लीगला, नाही पोचला तर ही मुलं करतात तरी काय? प्रसादाची प्लेट हातात धरून मी अर्धा तास बोललो आणि तरी निम्मं राहूनच गेलं, म्हणून आता सगळं एकदाच इथे लिहून टाकतो. मी ओहायोमधे टोलेडोला अकाउंटंट आहे. इथे वॉलाय नावाची, ईसीएचएल या खालच्या लीगमधली टीम आहे, २००९ पासून डाउनटाउनला हंटिंग्टन सेंटरमधे खेळते, आणि अशा छोट्या टीममधे खेळणारी मुलं गेली बरीच वर्षं माझ्याकडे येतात. मी स्वतः आइस हॉकी कधी खेळलेलो नाही, स्केटवर धड उभं पण राहता येत नाही, पण या मुलांचे कागद बघून बघून एक गोष्ट पक्की कळलीये, की खेळ संपल्यावर कोणाचं बरं चाललंय आणि कोणाचं नाही याचा त्याने गोल किती मारले याच्याशी फारसा संबंध नसतो. खेळत असताना दुपारच्या वेळेचं आणि उन्हाळ्याचं त्याने काय केलं याच्याशी असतो.

आधी शिडी समजून घ्या

सगळ्यात वर एनएचएल, ३२ टीम. त्याखाली एएचएल, १९३६ पासूनची जुनी लीग, तिथेही ३२ टीम, म्हणजे वरच्या प्रत्येक टीमला खाली एक. त्याखाली ईसीएचएल, १९८८ ला सुरू झालेली, तीसच्या आसपास टीम. त्याच्याही खाली एसपीएचएल, ती २००४ ची. एनएचएलखालच्या या सगळ्या मायनर लीग. आमच्याकडचं उदाहरण घ्या, वर डेट्रॉइट रेड विंग्स, मधे ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स आणि खाली टोलेडो वॉलाय. ग्रँड रॅपिड्सला कोणाचा खांदा निखळला की इथल्या मुलाला फोन येतो आणि तो रात्रीच गाडी काढून तीन तासात तिकडे पोचतो. बऱ्याचदा हे पीटीओवर असतं, म्हणजे २५ मॅचपर्यंतचं ट्रायआउट कॉन्ट्रॅक्ट, ते कधीही संपवता येतं आणि मुलगा परत खाली येतो. एका सीझनमधे असं चार-पाच वेळा झालेली मुलं मी पाहिलीयेत.

आता पैसे. २०२५-२६ च्या सीझनला एनएचएलचा किमान पगार वर्षाला ७,७५,००० डॉलर आहे. ईसीएचएलमधे पगार आठवड्यावर असतो, काही शे डॉलर, आणि तोही फक्त सीझन चालू असताना. टीम राहायला फर्निचरसकट अपार्टमेंट देते, बाहेरगावी मॅच असली की जेवणाचा भत्ता देते, स्टिक्स देते, पण तुम्ही समजा आठवड्याला ६०० धरले आणि २६ आठवडे धरले तर १५,६०० डॉलर होतात, ते पण टॅक्सच्या आधी. एप्रिलमधे टीम प्लेऑफला गेली नाही की पगार बंद, आणि अपार्टमेंटची किल्ली पण परत. म्हणजे एकाच आठवड्यात नोकरी आणि घर दोन्ही जातं, दर वर्षी. आईबाबांना हे कोणी सांगत नाही, त्यांना वाटतं मुलगा प्रो झाला म्हणजे आता मार्गी लागला.

आणि एक घड्याळ असतं जे बाहेरच्यांना दिसतच नाही. ईसीएचएलमधे २६० पेक्षा जास्त प्रो मॅच झालेला खेळाडू 'व्हेटरन' धरतात आणि एका मॅचला असे चारच उतरवता येतात. एएचएलमधे पण तसंच आहे, १८ स्केटर्सपैकी १३ जण कमी मॅच झालेले असावे लागतात (गोलकीपर यात धरत नाहीत). सीझनला ७२ मॅच असतात, भागाकार करून बघा, साडेतीन-चार सीझनमधे मुलगा व्हेटरन होतो. म्हणजे २१-२२ व्या वर्षी सुरुवात केलेला मुलगा २५-२६ ला, ऐन ताकदीत असताना, अचानक टीमला अडचणीचा वाटायला लागतो, कारण त्या चार जागांसाठी दहा जण उभे असतात. यात त्याचा खेळ खराब झालेला नसतो हो, आणि हे त्यालाही कळायला पाहिजे, नाहीतर तो स्वतःलाच दोष देत बसतो. म्हणून पहिलं काम हेच की मुलाने पहिल्या सीझनपासून आपल्या मॅचची बेरीज लिहून ठेवायची. १८०-२०० च्या आसपास आला की पुढचा प्लॅन कागदावर पाहिजे.

आपल्या बाजूची माणसं या शिडीवर अगदीच नाहीत असं नाही. रॉबिन बावा हा ब्रिटिश कोलंबियातल्या डंकनचा पंजाबी घरातला मुलगा, १९८९ ला वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून उतरला, एनएचएलमधला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. पण एनएचएलच्या मॅच एकूण ६१, त्याही चार टीमकडून, बाकीची वर्षं मायनर लीगमधेच गेली आणि १९९९ ला थांबला. जो इतिहासात पहिला म्हणून नोंदला गेला त्याचंही करियर असं होतं, हे आपल्या मुलाला जरूर सांगा, घाबरवायला नाही तर खरं चित्र कळायला.

पिशवीतलं पत्र

माझ्याकडे पहिला हॉकीवाला मुलगा आला तो मार्च महिन्यात, मिशिगनचा होता, ज्युनियर ओंटारियोच्या लीगमधे खेळून इकडे आलेला, आणि हातात किराणाची प्लॅस्टिकची पिशवी. एका सीझनमधे दोनदा ट्रेड झाला होता (एका टीमने दुसरीला देऊन टाकलं), म्हणजे तीन टीमचे तीन डब्ल्यू-टू (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद), आणि त्यात मिळून नऊ राज्यांचे पगाराचे आकडे, कारण जिथे जिथे मॅच खेळता तिथलं तिथलं राज्य त्या दिवसांपुरता टॅक्स मागतं. मी दोन संध्याकाळ बसून सगळं लावलं, त्याला रिफंड मिळवून दिला, तो खूश, मीही खूश. त्याच पिशवीत ज्युनियर लीगचं एक पत्र होतं, स्कॉलरशिपचं. मी ते बघितलं आणि टॅक्सचं नाही म्हणून बाजूला ठेवलं. दीड-दोन वर्षांनी गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला आता कॉलेजला जावं म्हणतोय, तेव्हा मला ते पत्र आठवलं. मुदत निघून गेली होती. त्याने नव्हतं वाचलं हे ठीक आहे, तो तेवीस वर्षांचा होता, पण मी वाचायला पाहिजे होतं. त्या दिवसापासून मी येणाऱ्या प्रत्येक मुलाला टॅक्सच्या आधी हा प्रश्न विचारतो: कॉलेजचे किती पैसे तुझ्या नावावर पडलेत आणि त्याची शेवटची तारीख कोणती.

झालं काय ते समजावून सांगतो. कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनियर लीग आहेत, ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूबेकची. तिथे साधारण जितकी वर्षं खेळाल तितक्या वर्षांचा कॉलेजचा खर्च स्कॉलरशिप म्हणून नावावर जमा होतो, पण ती कधीपर्यंत वापरायला सुरू करायची याची मुदत असते, आणि कोणत्या प्रकारचं प्रो कॉन्ट्रॅक्ट सही केलं की ती रद्द होते याच्या अटी असतात. लीगप्रमाणे आणि मुलाने सही केलेल्या करारानुसार हे बदलतं, म्हणून तो ज्युनियरचा करार शोधून काढा, स्कॅन करा, आणि लीगच्या ऑफिसला ईमेलवर विचारून तारीख लेखी घ्या. फोनवर घेऊ नका. ती तारीख घरातल्या सगळ्यांच्या कॅलेंडरमधे टाका, सहा महिने आधीचा रिमाइंडर लावून.

ज्यांची मुलं अजून ज्युनियरमधे आहेत त्यांच्यासाठी एक मोठा बदल झालाय तो लक्षात घ्या. पूर्वी या तीन लीगमधे खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकीचा, म्हणजे एनसीएएचा, दरवाजा बंद व्हायचा. नोव्हेंबर २०२४ ला एनसीएएने तो नियम बदलला आणि ऑगस्ट २०२५ पासून ही मुलं पहिल्या दर्जाच्या (डिव्हिजन वन) कॉलेज टीममधे खेळू शकतात. माझं स्पष्ट मत, ज्याला असं कॉलेज मिळतंय त्याने घ्यावं. एएचएल-ईसीएचएल कुठे पळून जात नाहीत, बावीस-तेवीसला डिग्री हातात घेऊन पण तिथे जाता येतं आणि असे भरपूर जण जातात. जॉन स्कॉटचं नाव ऐकलं असेल, २०१६ च्या नॅशविलच्या ऑल स्टार मॅचला लोकांनी मतं देऊन निवडून दिलेला धिप्पाड खेळाडू, त्याला मधेच ट्रेड करून सेंट जॉन्सच्या एएचएल टीमला पाठवून दिलं होतं, तरी तो खेळायला आला आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) होऊन गेला. या माणसाकडे मिशिगन टेकची मेकॅनिकल इंजिनियरिंगची डिग्री आहे.

दुपारचे चार तास

आता मुख्य गोष्ट, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळं यावरच आहे. या मुलांचा दिवस कसा असतो बघा. सकाळी नऊला रिंकवर, दहा ते साडेअकरा बर्फावर प्रॅक्टिस, मग जिम, मसाज, शॉवर, एक वाजता जेवण. त्यानंतर रात्रीपर्यंत काहीच नाही. शुक्रवार-शनिवार-रविवार मॅच असतात, कधीकधी तीन दिवसांत तीन, आणि बसचा प्रवास रात्र-रात्रभर, तेव्हा काही होत नाही हे मान्य. पण सोमवार ते गुरुवारच्या दुपारी मोकळ्या असतात आणि त्यात बहुतेक जण झोपतात, व्हिडिओ गेम खेळतात, नाहीतर नुसते फोन बघत बसतात. शरीराला विश्रांती लागते, मी नाही म्हणत नाही, झोपू दे की तासभर. उरलेले तीन तास?

एका सेमिस्टरला एकच ऑनलाइन कोर्स घ्यायचा. एकच. उत्साहात तीन घेतले की जानेवारीत ट्रेड होतो, दोन बॅगा भरून दुसऱ्या राज्यात जावं लागतं, आणि तिन्ही अर्धवट सुटतात, हे मी डोळ्याने पाहिलंय. फॉलला एक, स्प्रिंगला एक आणि उन्हाळ्यात दोन-तीन, म्हणजे वर्षाला चार-पाच कोर्स, १२ ते १५ क्रेडिट. अमेरिकन डिग्रीला साधारण १२० क्रेडिट लागतात. चार सीझन असं केलं तर जवळपास अर्धी डिग्री खेळता खेळता होते, आणि पंचवीस-सव्वीसला व्हेटरन होऊन बाहेर पडायची वेळ आली तर शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कॉलेज निवडताना एवढंच बघायचं की ते मान्यताप्राप्त आहे का आणि क्रेडिट दुसऱ्या कॉलेजला ट्रान्सफर होतात का. जाहिरात बघून भलत्याच ऑनलाइन युनिव्हर्सिटीला पैसे देऊ नका.

प्रत्येकाला पुस्तकं जमतात असं नाही, आणि जबरदस्ती करूही नये. मग त्याच दुपारी दुसऱ्या कामाला लावायच्या. रियल इस्टेटचं लायसन्स, पर्सनल ट्रेनरचं सर्टिफिकेट, ईएमटीचा, म्हणजे अँब्युलन्सवर काम करणाऱ्यांचा, कोर्स (अग्निशमन दलात जायचं असेल तर हा जवळजवळ लागतोच), कोचिंगच्या लेव्हल. आणि अजून एक गोष्ट जी फुकट आहे, टीमच्या सीझन तिकीटवाल्यांशी आणि स्पॉन्सरशी बोलणं. या छोट्या गावांत टीमचा स्पॉन्सर म्हणजे गावातला गाड्यांचा डीलर, विमा एजन्सीवाला, प्लंबिंगची कंपनी चालवणारा माणूस, आणि या सगळ्यांना खेळाडूशी हात मिळवायला आवडतं. मॅचनंतर सही मागायला आलेल्या माणसाला नाव विचारा, काय काम करता विचारा, आणि घरी जाऊन वहीत लिहून ठेवा. ज्या मुलांनी असं केलं त्यांना पहिली नोकरी शोधायला अर्ज भरावे लागले नाहीत, अक्षरशः एक फोन केला.

संघटनेचा फायदा घ्या, त्याचे पैसे पगारातून जातच असतात. पीएचपीए ही एएचएल आणि ईसीएचएल खेळाडूंची युनियन, १९६७ पासूनची, त्यांच्याकडे करियरसाठी वेगळा प्रोग्रॅम आहे, शिक्षण कुठे घ्यायचं, पुढे काय करता येईल यासाठी माणसं आहेत. प्रत्येक टीममधे युनियनचा एक खेळाडू प्रतिनिधी असतो, त्याला विचारलं की नंबर मिळतो. मुलं विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं मी पुढची सोय बघतोय हे कोचला कळलं तर तो म्हणेल याचं खेळात लक्ष नाही. मला हे सगळ्यात जास्त खटकतं. आपल्याकडे क्रिकेटवाली पोरं पूर्वी बँकेत, रेल्वेत नोकरी करूनच रणजी खेळायची, त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

शरीराचे कागद

दर सीझनच्या शेवटी एक तपासणी होते. त्या वेळी मुलगा घरी जायच्या घाईत असतो, डॉक्टर विचारतो सगळं ठीक ना, हा म्हणतो हो, आणि फॉर्मवर सही करतो. नका करू असं. जे जे दुखतंय ते सगळं त्या फॉर्मवर लिहून यायला पाहिजे, मनगट, कंबर, डोकं, सगळं. कामावर झालेल्या दुखापतीचा विमा म्हणजे वर्कर्स कॉम्प, तो अमेरिकेत बहुतेक राज्यांत या खेळाडूंना पण मिळतो, पण प्रत्येक राज्याची क्लेमची मुदत वेगळी आणि नोंद नसेल तर पुढे काही सिद्ध करता येत नाही. फ्लोरिडाच्या कायद्यात तर व्यावसायिक खेळाडू यातून वगळलेच आहेत, आणि ईसीएचएलच्या तिथे टीम आहेत, तेव्हा तिकडचं कॉन्ट्रॅक्ट सही करायच्या आधी युनियनला विचारा की दुखापत झाली तर पैसे कोण देणार. एमआरआय, एक्स-रे, ऑपरेशनचे रिपोर्ट, सगळ्याची कॉपी स्वतःकडे पाहिजे. तीन टीम बदलल्यावर ते कागद कोणाकडेच सापडत नाहीत.

डोक्याला मार लागला असेल तर माझं ऐका, एकही मॅच लपवून खेळू देऊ नका. डेरेक बूगार्ड ईसीएचएल, एएचएल करत एनएचएलला पोचला, मारामारी करणं हेच त्याचं टीममधलं काम, २०११ ला २८ व्या वर्षी दारू आणि वेदनाशामक गोळ्यांनी गेला, आणि नंतर त्याच्या मेंदूत सीटीई सापडला, वारंवार मार बसून होणारा आजार. अठ्ठावीस वर्षं. मायनर लीगमधे डोकं दुखतंय म्हटलं की जागा जाईल ही भीती खूप खरी आहे, कारण आठवड्याच्या पगारावरचा मुलगा आहे, बाहेर दुसरा उभा आहे. म्हणूनच हे आईबाबांनी बोलायला पाहिजे. फोनवर गोल किती झाले विचारता ना, त्याच्या आधी झोप लागते का, उजेडाचा त्रास होतो का, गोळ्या कोणत्या घेतोस हे विचारा.

व्हिसा, विमा, टॅक्स, पटकन सांगतो

कॅनडाचा मुलगा अमेरिकेत खेळतो तो बहुतेक पी-१ व्हिसावर. त्यावर फक्त त्या टीमसाठी खेळता येतं, बाजूला दुसरी नोकरी करता येत नाही, कॉफी शॉपमधे सुद्धा नाही. ट्रेड झाला तर नव्या टीमला कागद भरायला ३० दिवस मिळतात आणि तोवर खेळता येतं. टीमने सोडलं तर मात्र एच-१बी वाल्यांना मिळतात तसे ६० दिवस इथे मिळत नाहीत, तेव्हा लगेच वकिलाशी बोला. डिग्रीचा फायदा इथेही आहे, अकाउंटंट, इंजिनियर, फिजिओथेरपिस्ट अशा कामांसाठी कॅनडाच्या नागरिकाला टीएन स्टेटसवर अमेरिकेत नोकरी करता येते, नुसता हॉकीचा अनुभव असेल तर नाही.

उन्हाळ्यात बेकारी भत्ता मिळेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, अमेरिकेच्या कायद्यात दोन सीझनच्या मधे, पुढच्या सीझनला परत खेळायची शक्यता असेल तर, खेळाडूला तो मिळत नाही. कायमचं सोडलं असेल तर गोष्ट वेगळी. आरोग्य विमा कुठल्या तारखेला संपतो ते मार्चमधेच विचारा. अमेरिकेत २६ वर्षांपर्यंत आईबाबांच्या विम्यावर राहता येतं, नाहीतर विमा संपल्यापासून ६० दिवसांत मार्केटप्लेसवर (सरकारी विमा साइटवर) नवीन घ्यायचा. ओंटारियोवाल्यांना ओएचआयपीसाठी (प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी) १२ महिन्यांत १५३ दिवस प्रांतात राहावं लागतं, बाहेर नोकरीला असणाऱ्यांना वेगळी सवलत आहे पण ती आधी कळवून घ्यायची असते, परत आल्यावर नाही.

टॅक्सचं माझं कामच आहे पण इथे थोडक्यात. प्रत्येक टीमच्या मॅचचं वेळापत्रक आणि आपण कुठल्या मॅचला टीमबरोबर होतो हे लिहून ठेवा, राज्यांचे आकडे चुकीचे येतात आणि मग ते सुधारायला हेच लागतं. आणि पगार थोडा असला तरी एक रॉथ खातं (निवृत्तीसाठीच्या बचतीचं) उघडा, २०२५ ची मर्यादा ७,००० डॉलर आहे, तेवढे कोण भरणार, पण आठवड्याला २५-३० भरले तरी सवय लागते. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनसाठी) कापली जाते ती वाया जात नाही, कॅनडा आणि अमेरिकेत १९८४ पासून करार आहे, दोन्हीकडची वर्षं एकत्र धरता येतात. (भारत-अमेरिकेत असा करार नाही आणि त्याचं दुःख आपल्यापैकी खूप जणांना माहीत आहे.)

युरोपला जावं का

व्हेटरन झाल्यावर बरेच जण जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, इंग्लंडला जातात. मॅच कमी, बहुतेक आठवड्याला दोन, प्रवास कमी, घर आणि बऱ्याचदा गाडी टीमची. माझ्या मते शिकायचं असेल तर इंग्लंड सगळ्यात चांगलं, तिथल्या बऱ्याच क्लबचा जवळच्या युनिव्हर्सिटीशी करार असतो आणि खेळता खेळता मास्टर्स करता येतं. ज्याची डिग्री आधीच झालीये त्याने हे जरूर बघावं. दोन वर्षं फिरणं पण होतं आणि परत येताना हातात एमबीए असतं. फक्त कॉन्ट्रॅक्टमधले आकडे टॅक्स कापून आहेत की कापायच्या आधीचे हे विचारून घ्या, तिकडे दोन्ही पद्धती चालतात.

थांबल्यावर कुठलं काम

सगळ्यांच्या मनात पहिलं येतं ते कोचिंग. चांगलंच आहे, पण पूर्ण हिशोब बघा. जॅरेड बेडनार हा साउथ कॅरोलिना स्टिंगरेजचा ईसीएचएल खेळाडू, नंतर त्याच टीमचा कोच, २००९ ला ईसीएचएलचा केली कप जिंकला, २०१६ ला एएचएलचा काल्डर कप, २०२२ ला कोलोरॅडोबरोबर एनएचएलचा स्टॅनली कप. स्पेन्सर कारबेरी पण त्याच स्टिंगरेजचा, २०१० ला खेळणं सोडलं, २०२३ ला वॉशिंग्टनचा हेड कोच झाला आणि २०२५ ला एनएचएलचा सर्वोत्तम कोच ठरला. ऐकायला मस्त वाटतं, पण मधली तेरा वर्षं बघा, साउथ कॅरोलिना, सॅगिनॉ, प्रॉव्हिडन्स, हर्शी, टोरंटो, मग वॉशिंग्टन. घर पाच वेळा बदललं. बायको-मुलांना हे चालणार आहे का हे आधी बोलून घ्या, कारण कोचिंग म्हणजे तीच बस, फक्त सीट पुढची.

रेफरीचं काम फार कमी मुलं विचारात घेतात आणि मला ते सगळ्यात योग्य वाटतं. स्केटिंग आधीच येतं, खेळ वाचता येतो, भांडणं हाताळता येतात. एनएचएलमधला नावाजलेला रेफरी वेस मॅकॉली हा आधी कॉलेज आणि मायनर लीग खेळलेलाच आहे. एनएचएल स्वतः दर वर्षी बफेलोला खेळणं संपवलेल्या मुलांसाठी रेफरी-लाइन्समनचा कँप घेते, तिथे अर्ज करता येतो.

बाकी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जास्त मुलं अग्निशमन दल, पोलीस, विमा आणि मेडिकल सामान विकणं, आणि इलेक्ट्रिशियन-प्लंबर अशा कामात गेली. अग्निशमन दलात का जातात ते मी एकाला विचारलं होतं, तो म्हणाला तिथे पण एक लॉकर रूम असते. मला ते पटलं. वीस-पंचवीस जणांबरोबर खाणं, झोपणं, एकमेकांना सांभाळणं याची दहा-पंधरा वर्षांची सवय असते आणि एकदम क्युबिकलमधे एकट्याला बसवलं की माणूस कोमेजतो. काही खात्यांत भरतीला वयाची अट असते, ती सव्वीसला बघा, तेहतीसला नाही. कॅनडात रेड सीलवाल्या (देशभर मान्य सर्टिफिकेटच्या) कारागिरीच्या कामांची अप्रेंटिसशिप साधारण चार वर्षांची, शिकताना पगार मिळतो, आणि आपल्या मराठी घरात इलेक्ट्रिशियन म्हटलं की नाक मुरडतात ते कृपा करून करू नका, त्या मुलाचा पगार आणि घर बघितलं की कळेल. ऑफिसचं काम करणाऱ्यांना पण बर्फ सुटत नाही म्हणा, शिकागोचा स्कॉट फॉस्टर माझ्यासारखाच अकाउंटंट, कॉलेजला गोलकीपर होता, २९ मार्च २०१८ ला ब्लॅकहॉक्सचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले आणि ३६ व्या वर्षी त्याला एनएचएलच्या मॅचला उभं केलं, १४ मिनिटात सातच्या सात शॉट अडवले, आणि परत आपल्या नोकरीवर. आमच्या ऑफिसमधे दुसऱ्या दिवशी कोणी काम केलं नाही.

पहिला हिवाळा

थांबल्यावर पहिला ऑक्टोबर सगळ्यात वाईट जातो, हे मला इतक्या जणांनी सांगितलंय की आता मी आधीच सांगून ठेवतो. टीमचे सराव कँप सुरू होतात, जुन्या टीमच्या ग्रुपवर फोटो येतात, आणि शरीराला कळत नाही आज काय करायचं. जेवण खेळाडूचं राहतं आणि हालचाल बंद होते, चार महिन्यात पंधरा किलो वाढलेली मुलं आहेत. दारू वाढते. म्हणून सप्टेंबरच्या आत तीन गोष्टी ठरलेल्या पाहिजेत: सकाळी ठरावीक वेळेला कुठेतरी पोचायचं (नोकरी, कॉलेज, जिम, काहीही), आठवड्यातून एकदा बर्फावर जायचं, हौशी लीगमधे किंवा लहान मुलांना शिकवायला, आणि टीममधल्या दोन-तीन मित्रांना दर रविवारी फोन. फोन घरच्यांनी लावून द्यायला लागला तरी चालेल. झोप उडाली, रडू येतंय, चिडचिड थांबत नाही असं झालं तर डॉक्टरकडे न्या, आणि डोक्याला पूर्वी मार लागलाय हे त्यांना पहिल्या वाक्यात सांगा.

स्केट्स विकू देऊ नका. बाकी सामान द्या, विका, हरकत नाही.

त्या पिशवीवाल्या मुलाचं सांगायचं राहिलं. स्कॉलरशिप गेली ती गेलीच, ईएमटीचा कोर्स त्याने स्वतःच्या पैशाने केला, उन्हाळाभर सामान हलवायचं काम करून, आणि दोन वर्षं भरतीला थांबला. आता मिशिगनमधे एका अग्निशमन दलात आहे आणि शनिवारी सकाळी आठ वर्षांच्या मुलांना स्केटिंग शिकवतो. या वर्षी त्याने कागद पाठवले ते साध्या पाकिटात आले. एक डब्ल्यू-टू, एकाच राज्याचा.